तयारीचा शनिवार

पांढरकवडा,
दि. २० नोव्हेंबर १९६१

चि. शांतवन यास ताईचा प्रभूमध्ये सलाम.

पत्र पोचलं. सुमती आणि बाळ खुशाल आहेत हे वाचून बरं वाटलं. मी इकडे ठीक आहे. थंडी सुरू झाली, कापसाची वेचणी जोरात आहे, त्यामुळे दवाखान्यात दिवसा शुकशुकाट आणि दिवस कलला की बोंडांनी बोटं फाडून घेतलेल्या बायांची ही गर्दी. आयोडीन लावलं की त्या मलाच शिव्या देतात. आपल्या दवाखान्यातल्या बायबल-बाई, इंदुताई, त्यांना गीत ऐकवायला बसल्या की त्या म्हणतात, "बाई, आधी हे झोंबनं थांबव, मंग गाय."

मासिकात छापून आलेलं तुझं प्रवचनही मिळालं. कृपेविषयीचं. खाली रेव्हरंड लावून तुझं नाव. आई असती तर तो अंक पदरात बांधून कापसाच्या सगळ्या जिनात दाखवत हिंडली असती. लिहिलं चांगलं आहेस. तारण विकत मिळत नाही, कमवता येत नाही, माणसाच्या कामांनी ते पदरी पडत नाही. देव देतो आणि माणसाने नुसता हात पुढे करायचा. वाचताना मला एवढंच वाटलं की हे लिहिणाऱ्याचे हात तेव्हा स्वच्छ असतील. पोस्टमन अंक देऊन गेला तेव्हा माझ्या हातात थुंकीचं भांडं होतं.

तुझे वडील आहेत तसेच आहेत. पोळा झाल्यावर भीमराज त्यांना बल्लारशाहून घेऊन आला आणि माझ्या क्वार्टरच्या ओसरीवर बसवून गेला, हे तुला तेव्हाच लिहिलं होतं. खाणीतल्या धुळीने छाती पोखरली आहे. दोन वाक्यं बोलले की तिसऱ्याला दम लागतो. ज्या बाईसाठी ते तिकडे राहिले ती गेल्या वर्षी वारली, मूलबाळ नाही, खाणीनेही काढून टाकलं. ते सख्खे चुलते म्हणून भीमराज त्यांना केळापूरला आपल्या घरी ठेवून घ्यायला तयार होता. पण यांनी हट्ट धरला, "मले पोरीकडं ने." कोणत्या तोंडाने म्हणाले असतील ते त्यांनाच ठाऊक.

मी काय करते ते तुला कळावं म्हणून सांगते. सकाळी अंग पुसते, पाठीच्या जखमा धुते, कपडे उकळते, मग दवाखान्यात जाते. दुपारी येऊन ज्वारीच्या कण्या भरवते. रात्री कुशीवर वळवते. मी नर्स आहे, परक्याचं करते तसं यांचं करते. त्यात माझं काही अडत नाही. अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि तुझं पत्र नेमकं तिथेच बोट घालतं.

तू लिहितोस, "ताई, त्यांना मनापासून क्षमा कर, आपल्यालाही ती फुकटच मिळाली आहे." शांतवन, तुला क्षमा करायला काय लागलं? तुझं त्यांनी काय नेलं? ते गेले तेव्हा तू आईच्या पोटात होतास. मी नऊ वर्षांची होते. नाताळाला येतो म्हणून गेले. मी दोन नाताळ मोटारथांब्यावर जाऊन उभी राहिले, मग आईने मारून घरी आणलं आणि ते बंद झालं. आई जिनात कापूस वाहून वाहून खोकून मेली. तू बोर्डिंगमध्ये वाढलास, शहाणा झालास, पाळक झालास, मला अभिमान आहे. पण उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

आता अडलं कुठे ते ऐक. तुझ्या वडिलांना मरायच्या आधी एकदा प्रभुभोजनाची भाकर हवी आहे. त्यांचं नाव मंडळीतून केव्हाच कापलेलं आहे. आपल्या मंडळीतली तयारीच्या शनिवारची रीत तू विसरला असशील, म्हणून सांगते. महिन्यातल्या पहिल्या, भोजनाच्या रविवारच्या आदल्या दिवशी पाळकबाबा सगळ्यांना बसवून विचारतात, कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का. असेल त्याने तिथल्या तिथे मिटवायचं. न मिटवणाऱ्याला रविवारी भाकर नाही. आणि नाव कापलेल्या माणसाला परत यायचं असेल, तर ज्याचा त्याने अपराध केला त्याने उभं राहून म्हणायचं, "माझ्या मनात काही नाही." तेवढं म्हटलं की झालं.

आई दर महिन्याला म्हणायची. नवरा बल्लारशाला, आणि ही इथे उभी राहून म्हणायची, माझ्या मनात काही नाही. मग घरी येऊन भाकरी तव्यावर अशी आपटायची की तवा चुलीवरून घसरायचा. मी बाजूला बसून पाहायचे. तेव्हाच ठरवलं होतं की हे वाक्य आपण कधी खोटं म्हणायचं नाही.

भीमराज रविवारी येतो, त्यांना उचलून उन्हात बसवतो. छप्पन साली तो घरच्या सगळ्यांना घेऊन नागपूरला गेला आणि बौद्ध झाला. तेव्हापासून आपल्या चर्चमध्ये पाय ठेवत नाही, माझ्या ओसरीवर मात्र ठेवतो. मी त्याला विचारलं, तुमच्यात अशा माणसाचं काय करतात? तो म्हणाला, "आमच्यात कोनी वरतून माफ करत नाई, विमल. केलं ते केलं. आता पुढं नीट चाला, एवढंच." खरं सांगू, मला ते तुझ्या प्रवचनापेक्षा पटलं. निदान त्यात केलेलं केलेलंच राहतं.

तुझं प्रवचन ते रोज माझ्याकडून वाचून घेतात. कंदील लावला की सुरू, "वाच वं, शांतवनचं वाच." मी वाचते. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याला ते प्रवचन गोड लागणारच.

जमलं तर नाताळाआधी येऊन जा. नाही जमलं तर राहू दे.

तुझी
ताई


पांढरकवडा,
दि. ५ डिसेंबर १९६१

चि. शांतवन, सलाम.

खुशाली विचारायचं आज सुचत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. तुला इंदुताईंचं पत्र आलं असेलच, त्यांना दम कुठला निघायला. त्यांनी काय लिहिलं असेल तेही मला ठाऊक आहे: विमलताईने भर मंडळीत बापाचा अपमान केला. आता माझ्याकडून ऐक.

परवा शनिवारी भीमराजने बैलगाडीतून त्यांना चर्चपर्यंत आणलं, आत खुर्चीवर नेऊन बसवलं आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसला. पाळकबाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, उकंडा थूल यांना परत यायचं आहे. ज्यांचा अपराध केला त्यांतली बायको रुखमाबाई देवाघरी आहे. मुलगा पाळक आहे, त्याने पत्राने क्षमा कळवली आहे. मग तुझं पत्र वाचलं. अक्षर छान, भाषा छान, सगळ्यांनी आमेन म्हटलं. राहिली मी.

मी उभी राहिले. चार शब्दांचं वाक्य आहे. ते तोंडात आलं आणि दातांपाशी थांबलं. पाळकबाबा वाट पाहत होते, सगळी मंडळी मान वळवून वळवून पाहत होती, आणि ते खुर्चीत बसून आपल्या पायांकडे पाहत होते. काहीतरी बोलणं भाग होतं. मग माझ्या तोंडून निघालं ते हे, की मी यांना दोन्ही वेळा धुते, यांचं हागणंमुतणं काढते, माझ्या हाताने भरवते, यांच्यासाठी रात्री उठते, अजून माझ्याकडून काय पाहिजे?

मी चिडून बोलले होते, शांतवन. पण कुणाला ते चिडणं ऐकूच आलं नाही. इंदुताई डोळ्याला पदर लावून रडायला लागल्या. पाळकबाबांनी हात वर केले आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, याहून मोठी क्षमा कोणती?" मागून आमेन, पुढून आमेन, आणि लगेच गीत सुरू. पेटीवाल्याने सूरही धरला. दोन कडवी होईपर्यंत मी उभीच. हळूहळू माझ्या लक्षात आलं की या लोकांनी माझी कामं मोजली आणि क्षमा म्हणून जमा केली. तुझ्या त्या कृपेच्या मंडळीने, जिथे दर रविवारी सांगतात की कामांनी काही होत नाही!

मी गीत थांबवलं. आजवर कुणी थांबवलं नसेल. मी म्हटलं, "थांबा. मी काम सांगितलं. क्षमा सांगितली नाही. ती माझ्याकडे नाही."

पुढचं काय सांगू. पेटी बंद झाली. पाळकबाबांचा चेहरा उतरला, म्हणाले, मग जानेवारीत पाहू. बाया माझ्याकडे अशा पाहत गेल्या की जणू मी कुणाचं मूल विहिरीत लोटलं. एकटा भीमराज बाहेर मला म्हणाला, "खरं बोलली तू, बाकी मले काई समजलं नाई." त्याला गाडी हाकायची होती, तो हाकत राहिला.

तुला एक सांगणार नव्हते, पण आता इंदुताई सांगतीलच. तुझे वडील आल्यापासून मी स्वतः भाकर घेतलेली नाही. दर महिन्याला भाकर करते मीच, आई गेल्यापासून ते काम माझ्याकडेच आहे. शनिवारी कणीक मळायची, पातळ पोळी भाजायची, सुरीने बारीक तुकडे करायचे, मनुका भिजवून कोळून रस गाळायचा, लहान पेले उकळायचे. सगळं मांडून, वरून पांढरा रुमाल घालून, मी मागे जाऊन बसते. माझ्या मनात आहे, म्हणून मला नाही. नियम नियमासारखा पाळते. तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण भाकर वेळेवर येत होती.

घरी आल्यावर मी फार वाईट वागले. त्यांना खाटेवर निजवलं आणि आईचं सगळं सांगून टाकलं. दर महिन्याला उभी राहून काय म्हणायची आणि घरी येऊन तव्याचं काय करायची. त्यांनी विचारलं, "दर महिन्याले म्हने?" मी म्हटलं, दर महिन्याला, तुम्ही गेल्यापासून मरेपर्यंत. त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून निजले. कण्यांना हात लावला नाही. मला वाटलं होतं, सांगितल्यावर मला बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. उलट त्यांची पाठ समोर होती आणि जखम धुवायची राहिली होती, ती धुतली.

तू लिहिशील की मी अभिमानी आहे, आपल्या कामांवर विसंबते. असेन. पण मला सांग, कामं सोडून दुसरं माझ्याकडे काय होतं? कामावरच आई जगली, कामावरच तुझी सेमिनरी झाली. देवाला ते सगळं नको आहे म्हणतोस. मग त्याने ते करणाऱ्या माणसांना तेव्हाच सांगायचं होतं, आम्ही थोडं बसून घेतलं असतं.

काल कंदील लावल्यावर त्यांनी प्रवचन वाचायला सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "शांतवनचा आवाज कसा हाय?" मी म्हटलं, आईसारखा. ते म्हणाले, "मंग मोठा असन." तू येशील का असं त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. मी विषय काढला तर म्हणाले, "त्याले काम असन वं."

नाताळाची तुझी धावपळ मला कळते. ती उरकली की दोन दिवस काढ. फार नाही म्हणत.

ताई


पांढरकवडा,
दि. १७ जानेवारी १९६२

प्रिय शांतवन,

बाबा गेले ते तुला तारेने कळलंच आहे. गुरुवारी दुपारी गेले. मी दवाखान्यात होते. भीमराज त्यांच्याजवळ बसला होता, जिनातल्या कामाला दांडी मारून. मी पोचले तेव्हा हात गरम होते.

आधी शनिवारचं सांगते, कारण ते तुला कुणी नीट सांगणार नाही.

नाताळात तुझं पत्र आलं होतं. त्यात तू लिहिलं होतंस की तूही अकोल्याच्या मंडळीत तयारीच्या शनिवारची रीत सुरू केलीस, लोक उभे राहून आपसातले तंटे मिटवतात, डोळ्यांत पाणी आणतात, आणि तुला फार समाधान वाटतं. मला लिहिलं होतंस, "ताई, एका वाक्याने एका मरणाऱ्या माणसाला शांती मिळणार असेल तर तू कशाला अडून बसतेस?" ते पत्र मी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा चिडले, आणि शेवटी ठरवलं की म्हणून टाकू. आईने इतके महिने म्हटलं, मी एकदा म्हणेन. खोटं तर खोटं. माणूस मरतो आहे, आणि बाया रस्त्यात माझ्याशी बोलत नाहीत, आणि मी थकले होते. घरी येऊन तवा आपटायचा तर आपटू.

सहा तारखेला पुन्हा बैलगाडी, पुन्हा खुर्ची. या वेळी भीमराजला मी आतच बसायला सांगितलं, कारण बाबांना बसवत नव्हतं, मागून कुणीतरी धरायला हवं होतं. तो आत आला. पाळकबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि "माझ्या" एवढं म्हटलं, तोच बाबांनी हात वर केला.

म्हणाले, "तिले उभं नका करू, पाळकबाबा." मग खोकला आला. सगळी मंडळी तो थांबेपर्यंत बसून राहिली. मग म्हणाले, "तिची माय दर महिन्याले माह्यापायी खोटं बोलली. आता लेकीलेबी बोलवता काय? तिच्या मनात हाय. असू द्या. तिचं खरं हाय." पुन्हा दम लागला. भीमराज म्हणाला, काका, राहू द्या आता. पण ते ऐकेनात. "मी माह्यं मागनं वापस घेतो. मले भाकर नाई पाह्यजे. माह्यं नाव मधातून काढा, म्हंजे तिची अडकली हाय ते तिले भेटन."

मी त्यांना माझ्या भाकरीचं कधी सांगितलं नव्हतं. मी रविवारी चर्चमधून आले की ते माझ्याकडे पाहत असायचे, त्यावरून ओळखलं असेल. किंवा इंदुताईंनी सांगितलं असेल. कुणीही सांगितलं असो.

पाळकबाबा म्हणाले, उकंडा, नीट विचार कर, पुढच्या महिन्यापर्यंत... आणि पुढे बोललेच नाहीत, कारण पुढचा महिना नाही हे सगळ्यांनाच दिसत होतं. बाबा म्हणाले, "विचार केला." मग भीमराजकडे मान वळवून म्हणाले, "चाल, गाडी जुप."

मी तिथे तशीच उभी होते, शांतवन, तोंडात एक शब्द घेऊन. मला काय वाटलं सांगू? मला राग आला. मी चार महिने त्या माणसाकडून काही घेतलं नव्हतं. देणारी मी होते. धुणं मी, भरवणं मी, उठणं मी. त्या एकाच गोष्टीवर मी उभी होते, की माझ्याकडे त्यांचं काही नाही. आणि त्यांच्याकडे सगळ्या जगात मागण्यासारखं एकच उरलं होतं, ते त्यांनी सगळ्यांसमोर मला देऊन टाकलं. मला नको होतं. मी मागितलं नव्हतं. आणि नको म्हणायला वेळच दिला नाही, उठून निघाले.

मागणाऱ्यानेच मागणं सोडलं, तेव्हा मिटवायचं काही उरलं नाही असं पाळकबाबांनी धरलं, आणि रविवारी मी भाकर घेतली. पाळकबाबांनी माझ्यासमोर ताट धरलं, मी हात पुढे केला. स्वतःच भाजलेली, स्वतःच कापलेली. ती माझी कमाई होती असं म्हणायला जागा नव्हती.

घरी आले तर ते जागेच होते. विचारलं, "भेटली काय?"

मी म्हटलं, भेटली.

"कशी लागते? मी भुललो."

मी म्हटलं, पोळीसारखी लागते. ते हसले, आणि हसण्यातून जो खोकला सुरू झाला तो बराच वेळ थांबेना. नंतर मी उरलेल्या कणकेची एक पोळी केली, दुधात कुस्करली आणि त्यांना भरवली. ती नुसती पोळी होती, तिच्यावर कुणी प्रार्थना केलेली नव्हती, हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे तुला मला पत्रातून शिकवावं लागणार नाही. त्यांनी सगळी खाल्ली. कितीतरी दिवसांनी वाटी रिकामी केली.

मी तेव्हा म्हणायला हवं होतं. ओसरीवर कुणी नव्हतं, पाळकबाबा नव्हते, पेटी नव्हती. म्हणता आलं असतं, आणि मला वाटतं ते खोटंही ठरलं नसतं. मी वाटी घासायला घेऊन गेले. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी त्यांना बाबा म्हणून हाक मारली, पाणी हवं का म्हणून. तेवढंच. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, हो, दे.

आता तुझ्याकडे येते.

मंगळवारीच भीमराजने तुला तार केली होती, काकांचं जास्त झालं आहे, निघून या. बुधवारी तुझी तार आली. इंग्रजीत होती, पोस्टमास्तरांनी अर्थ सांगितला: अधिवेशन चालू आहे, येणं अशक्य, प्रार्थना करतो, प्रभूची कृपा पुरेशी आहे. बाबांनी विचारलं, काय लिहिलं त्यानं? मी म्हटलं, येतो म्हणतो. हे माझं खोटं. आईने केलं तसंच केलं, बघ, शेवटी. त्यांनी भीमराजकडून दाढी करून घेतली. गुरुवारी सकाळी विचारलं, अकोल्याची मोटार कवा लागते. दुपारी गेले.

पुरेशी नव्हती, शांतवन. पुरली नाही. त्या माणसाने तुझं प्रवचन पाठ केलं होतं, तुझा आवाज कसा आहे एवढंच त्याला ऐकायचं होतं.

मातीचं सांगते. नाव मंडळीत नाही, तेव्हा आपल्या स्मशानात जागा द्यायची की नाही यावर पंचांत बरीच बोलाचाली झाली. भीमराज म्हणाला, आम्ही केळापूरला नेतो, आमची ना नाही. शेवटी पंचांनी जागा दिली, "विमलताईंची सेवा पाहून." म्हणजे मला भाकर मिळाली ती बाबांनी सोडली म्हणून, आणि बाबांना माती मिळाली ती माझ्या कामांवर. आता तूच सांग यातलं काय कृपा आणि काय काम. मी विचार करणं सोडलं आहे. खड्डा भीमराजने आणि त्याच्या सोबतच्या जिनातल्या लोकांनी खणला. पाळकबाबा प्रार्थना करत होते तेव्हा ते सगळे बौद्ध एका बाजूला, घामाने भिजलेले, डोकी खाली घालून उभे होते. मुलाने पहिली मूठ टाकायची म्हणून कुणीतरी मागे पाहिलं. मग भीमराजने टाकली.

तीन फेब्रुवारीला पुन्हा तयारीचा शनिवार आहे. पाळकबाबा विचारतील, कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का. मी उभी राहणार आहे. आहे म्हणणार आहे, आणि नाव विचारलं तर तुझं सांगणार आहे. ही धमकी नाही. तू पाळक आहेस, तुझी रीत तुला ठाऊक आहे, म्हणून आगाऊ कळवते. बाबांवरचा राग होता तोवर मला वाटायचं सगळा तोच आहे. तो गेला आणि खाली हा निघाला. किती वर्षांचा आहे कोण जाणे.

तू म्हणशील, ताई, मग क्षमा कर, फुकट कर. मी करून पाहिलं. बाबा गेल्यापासून रोज ओसरीवर बसून पाहते, की त्यांनी माझ्यासाठी जे सोडलं तसं मला तुझ्यासाठी सोडता येतं का. तू मागितलं नाहीस तरी द्यावं, तू आला नाहीस तरी मनातून काढावं. नाही जमत. मी बाबांएवढी मोठी नाही.

तेव्हा तू ये. पत्र नको, तार नको, छापलेलं तर नकोच. शुक्रवारी सकाळी निघालास तर यवतमाळला मोटार बदलून दिवस मावळायच्या आत पोचशील. माझ्यासमोर उभा राहा आणि काय म्हणायचं ते तोंडाने म्हण. त्यावर मी काय म्हणेन ते आज सांगता येत नाही. आणि नाही आलास, तर रविवारी तिकडे भाकर मोडायला हात लावशील तेव्हा लक्षात ठेव, इकडे तुझ्या बहिणीने भाकर करून ठेवली आहे आणि घेतलेली नाही.

सुमतीला सलाम. बाळाचा मुका.

वाट पाहणारी,
विमल उकंडा थूल